आधी उजेड, मग रंग

मंडळी, गेले काही शुक्रवार आमच्याविरुद्ध एक तक्रार कानावर येते आहे. मंडळाच्या मुलांना आम्ही शुक्रवारी सकाळी कॉम्प्युटरवरची चित्रकला दाखवतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. तक्रार अशी, की "एवढे दिनार मोजून पोराला आयपॅड घेऊन दिला, त्यात म्हणे एक कोटी सदुसष्ट लाख रंग आहेत, आणि तुम्ही चार-चार आठवडे नुसतं काळं-पांढरं काढून घेता! एवढं तर दहा रुपयांच्या पेन्सिलीनेही झालं असतं."

तक्रार रास्त आहे. पैसे आपले, पोरं आपली, तेव्हा हिशेब मागायचा हक्कही आपला. चित्रकार म्हणून नव्हे, तर एक इंजिनियर म्हणून तो हिशेब या अंकात देतो. आमची मास्टर्सची पदवी सिग्नल प्रोसेसिंगमधली, त्यामुळे गाडी थोडी टीव्हीच्या वळणाने जाईल. तेवढं सांभाळून घ्या.

आधी पद्धत काय ते सांगतो. पडदा पांढरा ठेवायचा नाही, त्यावर मधला करडा रंग पसरायचा. मग एकूण पाचच छटा घ्यायच्या: गडद, मध्यम गडद, मधली, फिकट आणि जवळजवळ पांढरी. सहावी नाही. समोरच्या वस्तूकडे डोळे बारीक करून बघायचं. बारीकसारीक तपशील विरघळतो आणि उजेड-सावलीचे मोठे तुकडे तेवढे उरतात. ते तुकडे या पाच छटांत बसवायचे. सुरईची सुरई ओळखू येईपर्यंत, उजेड कुठून येतोय हे तिऱ्हाइताला न सांगता कळेपर्यंत, रंगाच्या चकतीला हात लावायचा नाही. ते जमलं की रंग.

आता असं का? १९८२ साल आठवा. दिल्लीला आशियाई खेळ झाले आणि भारतात रंगीत दूरदर्शन आलं. गल्लीत एखाद्याच घरी रंगीत संच, बाकी सगळ्यांकडे जुने कृष्णधवल. प्रक्षेपण मात्र एकच, आणि ते दोन्हीकडे नीट दिसायचं. याचं कारण, प्रक्षेपणात उजेडाचा संदेश वेगळा आणि रंगाचा वेगळा पाठवतात. जुना संच उजेड घ्यायचा आणि रंगाकडे दुर्लक्ष करायचा. पुढे १९८७ साली 'रामायण' सुरू झालं, ते कितीतरी घरांनी कृष्णधवल संचावरच पाहिलं. राम कोण आणि रावण कोण, हे ओळखायला कुणालाही अडचण आली नाही. उलट, उजेडाचा संदेश काढून नुसता रंगाचा दाखवला असता तर पडद्यावर रंगीत ढगांपलीकडे फारसं काही दिसलं नसतं. चित्रातला आकार, अंतर, पोत हे सारं मुख्यतः उजेडात असतं.

आपल्या खिशातला मोबाईलही हेच मानतो. फोटो साठवताना उजेडाची माहिती तो ठिपक्या-ठिपक्याची ठेवतो, रंगाची मात्र बहुतेक वेळा चार ठिपक्यांत मिळून एकच. तरी आपल्याला फरक कळत नाही, कारण माणसाचा डोळाच तसा आहे. उजेडातला बारीक फरक तो चटकन टिपतो, रंगातला तितका नाही.

थोडं गणित करू. टीव्हीवाल्यांचं जुनं सूत्र असं, की कुठल्याही रंगाचा उजेड काढायचा तर लाल साधारण ३० टक्के, हिरवा ५९ टक्के आणि निळा ११ टक्के धरायचा. कॉम्प्युटरवर प्रत्येक रंग ० ते २५५ मोजतात. भडक लाल २५५ घेतला तर त्याचा करडा येतो ७६. आता गडद हिरवा १३० घ्या. त्याचाही येतो ७६! म्हणजे हिरव्या झाडीपुढे टांगलेला लाल आकाशकंदील आपल्याला पडद्यावर झगझगीत दिसतो, पण तेच चित्र ऑफिसातल्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापलं की कंदील झाडीत गडप होतो. दोन्ही रंग वेगळे, पण उजेड एकच. अशी चित्रं मुलं डझनाने काढतात आणि 'काहीतरी चुकतंय पण काय ते कळत नाही' म्हणून हिरमुसतात. जे चुकतं ते रंगात नसतंच, त्यामुळे रंग बदलत बसून ते सुधारत नाही.

हे खूळ आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. युरोपातल्या जुन्या तैलचित्रकारांपैकी अनेकजण आधी करड्या रंगात चित्र उभं करत आणि मग त्यावर रंगाचे पातळ, पारदर्शक थर चढवत. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये (स्थापना १८५७) विद्यार्थ्यांना प्लास्टरचे पांढरे पुतळे समोर ठेवून रेखाटायला बसवायचे, ते याचसाठी. पांढऱ्या पुतळ्यात रंग नाहीच, त्यामुळे पळवाटही नाही. आपल्यापैकी ज्यांनी शाळेत एलिमेंटरीची परीक्षा दिली असेल, त्यांना वस्तुचित्राच्या तयारीतली ती बादली, तो तांब्या आणि पेन्सिलीने घासून-घासून काळं झालेलं बोट आठवत असेल.

आणि सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर. हातात दिवा घेतलेल्या बाईचं त्यांचं चित्र आपण कॅलेंडरवर कधी ना कधी पाहिलेलं असतं. पुष्कळजण ते राजा रविवर्म्याचं समजतात. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. १९४५-४६ च्या सुमाराचं, आणि तेही जलरंगातलं. समोर उभी होती ती त्यांची मुलगी गीता. एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीआड, आणि बोटांमधून झिरपणारा उजेड चेहऱ्यावर. हळदणकरांनी खाली करडा थर दिला होता असं आमचं म्हणणं नाही. पण हे चित्र झेरॉक्स काढून बघा. रंग गेला तरी दिवा तेवतच राहतो. मुलांना आम्ही ही परीक्षा शिकवतो: रंग काढून घेतल्यावर चित्रात काय उरतं?

बहारीनमध्ये राहणाऱ्यांना तर याची जास्तच गरज आहे. कोकणात लाल माती आणि ओली हिरवी झाडी असते, तिथे अर्धं काम रंगच करून टाकतो. इथे माती, भिंत आणि आभाळ सगळंच फिकट. मुहर्रकमधलं शेख ईसा बिन अली यांचं जुनं घर पाहिलंत ना? वाऱ्यासाठी बांधलेला उंच बादगीर, जिप्समची जाळीदार नक्षी, पांढुरक्या भिंती. जूनमध्ये भर दुपारी गेलात तर सूर्य जवळजवळ डोक्यावर, सावली पायाशी गोळा झालेली, आणि नक्षी दिसेनाशी. तेच डिसेंबरात चारच्या सुमाराला जा. तिरप्या उन्हात एकेक पाकळी उठून येते. भिंतीचा रंग दोन्ही वेळा तोच, बदलला तो उजेड. इथे वाढणाऱ्या मुलांना "रंग शोधा" म्हटलं तर ती कंटाळतात, "सावली शोधा" म्हटलं की मात्र कामाला लागतात.

इथवर झालं शास्त्र. पण ज्या कारणाने आम्ही या पद्धतीला चिकटून राहिलो आहोत ते कारण वेगळं आहे, आणि घरच्यांच्या परवानगीने ते सांगतो.

आपल्याच मंडळातला एक बारा वर्षांचा मुलगा. चित्रांची आवड उपजत, पण रंगाची पाळी आली की हा मागे. बहिणीला कुजबुजत विचारणार, "यातला हिरवा कुठला?" शाळेत (कुठल्या ते सांगायचं कारण नाही) तपकिरी पानांवरून हसं झालेलं, वहीत 'निष्काळजी' असा शेरा. शेवटी आईच म्हणाली, "भावोजी, याला चित्रकला जमत नाही. त्यापेक्षा बुद्धिबळाला घालते." आम्ही म्हटलं, "वहिनी, चार शुक्रवार थांबा."

त्या चार शुक्रवारांत रंग नव्हताच. त्याने तो मुहर्रकचा बादगीर काढला. बाकीची मुलं विटा आणि खिडक्या मोजत बसली होती, याने सावलीचे तीन तुकडे मांडले आणि बुरूज उभा राहिला. सगळ्या वर्गात सरस. मग घरच्यांनी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ठिपक्यांच्या वर्तुळात आकडे ओळखायची ती तपासणी झाली. जपानच्या शिनोबू इशिहारांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांची. निष्कर्ष निघाला: लाल-हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नाही.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते साहजिक आहे. "मी टीव्ही फार बघू दिला म्हणून का?" असंही तिने विचारलं. तसं मुळीच नाही. हे बहुधा जन्मतःच असतं, एक्स गुणसूत्रातून येतं, आणि म्हणून मुलींपेक्षा मुलग्यांत फार जास्त आढळतं. यात ना मुलाचा निष्काळजीपणा, ना आईचा दोष. इंग्लंडचे शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांना स्वतःलाच हे होतं, आणि १७९४ साली त्यांनी त्यावर निबंध वाचला होता. मात्र वेळेत कळलेलं बरं. आमच्या धंद्यात रेझिस्टरवर रंगीत पट्टे असतात, लाल म्हणजे २ आणि तपकिरी म्हणजे १. विमान, रेल्वे, जहाज अशा कामांत रंगदृष्टी तपासतातच. दहावी-बारावीनंतर अचानक कळून स्वप्न मोडण्यापेक्षा लहानपणी कळलेलं केव्हाही चांगलं. पालकहो, आपलं मूल रंगांची नावं सारखी चुकत असेल तर रागावण्याआधी एकदा तपासून घ्या.

आणि त्या मुलाचं रंगकाम? कॉम्प्युटरवर रंगाच्या चकतीला अंश असतात: लाल ०, पिवळा ६०, हिरवा १२०, निळा २४०. त्याने एक कागद केला आहे: वीट २०, खजुराचं पान ९०, समुद्र १९०. आकडा बघून रंग घेतो, उजेड स्वतःच्या डोळ्याने ठरवतो. बहिणीला विचारणं आता कमी झालं आहे. परवा म्हणाला, "काका, रंगाचं मी विचारून घेईन, पण सावलीचं मला कोणी सांगायला नको."

आता करड्यावर रंग चढवायचा कसा ते. चित्राच्या थरावर नवा थर घ्यायचा आणि त्याचा प्रकार 'कलर' ठेवायचा. खालचा उजेड तसाच राहतो, वरून फक्त रंग येतो. १९६० सालचा, बराचसा कृष्णधवल असलेला 'मुघल-ए-आझम' २००४ साली पूर्ण रंगीत करून पुन्हा लावला, त्यामागचं तत्त्व हेच. क्रिता नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यातही ही सोय आहे. आयपॅडवर प्रोक्रिएटमध्ये आहेच.

इथे एक खड्डा आहे, तो दाखवून ठेवतो. मुलं 'मल्टिप्लाय' नावाचा प्रकार वापरतात. त्यात रंगाचा आणि खालच्या करड्याचा गुणाकार होतो. समजा चेहऱ्याचा रंग लाल २२०, हिरवा १७०, निळा १३०. निम्म्या करड्यावर तो ११०, ८५, ६५ होतो. तिन्ही आकडे सारखेच निम्मे, म्हणजे रंग तोच, नुसता विझलेला. म्हणून चेहरा धुळकट, आजारी दिसतो. खऱ्या सावलीत असं होत नाही. उघड्यावर सावलीत आभाळाचा निळा उतरतो. इथल्या वाळूवरून परतलेलं ऊन हनुवटीला खालून पिवळसर करतं. कानाच्या पाळीतून उजेड आरपार गेला की ती लालबुंद दिसते. तेव्हा तिसरा थर साधा घ्यायचा आणि सावलीत हे रंग ब्रशने हाताने घालायचे. अधूनमधून सगळं चित्र करडं करून बघायचं आणि उजेड हलला नाही ना, याची खात्री करायची.

हाच एक मार्ग आहे असा आमचा दावा नाही. मोनेसारखे चित्रकार उन्हात बसून थेट रंगानेच सुरुवात करत. ज्याला उजेड आणि रंग दोन्ही एकदम डोक्यात धरता येतात त्याने खुशाल तसं करावं. शिकणाऱ्याने मात्र एका वेळी एकच प्रश्न सोडवावा. प्रयोगशाळेतही आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो.

तर या तिमाहीचा गृहपाठ, मुलांना आणि आईबाबांनाही. घरातला तांब्या किंवा चहाची किटली खिडकीशी ठेवा. एकाच बाजूने उजेड येऊ द्या. पाच छटांत काढा, कागदावर किंवा पडद्यावर. काढलेलं चित्र घरातल्या कुणाला तरी दाखवा आणि "खिडकी कुठल्या बाजूला आहे?" एवढंच विचारा. उत्तर बरोबर आलं तर चित्र आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात त्यातल्याच चित्रांवर रंग कसा चढवायचा ते बघू.