उरलेल्या बटाट्याची थालीपिठे



धानाच्या खतावर लिहिणारा माणूस आज तव्याकडे कसा वळला, असे तुम्हांला वाटेल. पण आपल्या नागभीड भागात बटाटा बाजारातून विकत येतो. पाहुण्यांसाठी केलेली भाजी उरली आणि उकिरड्यावर गेली, म्हणजे रोख पैसाच गेला.

परदेशात असा उरलेला कुस्करलेला बटाटा अंडे व पीठ घालून खाचांच्या लोखंडी साच्यात भाजतात. त्याला वाफल म्हणतात. आपल्याला साचा नको, तवा पुरे.

नुसता बटाटा थापला तर तव्यावर मोडतो, कारण त्यात पाऊण हिस्सा तरी पाणीच असते. ते शोषायला तांदळाचे पीठ हवे. त्यासाठी आख्खा तांदूळ दळू नका. आपल्याच तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडल्या, त्यातून एचएमटी हे बारीक धान पुढे आले. अशा बारीक तांदळाची कनकी कोंबड्यांपुढे टाकतो, ती निवडून दळून आणा.

दोन वाट्या बटाट्याला एक वाटी हे पीठ, मूठभर बेसन, चिरलेला कांदा, हिरवी मिरची, सांबार, जिरे. भाजी रस्त्याची असेल तर पाण्याऐवजी रस्सा घालूनच मळा. मीठ आधीचे आहे, चव पाहून मगच घाला. मळून ठेवू नका; कांद्याला पाणी सुटते नि गोळा सैल होतो. ओल्या फडक्यावर थापा, मध्ये भोक पाडून तेल सोडा, झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजू खरपूस करा. घाईने उलटलेत की मोडलेच.

आता महत्त्वाचे. "चांगले उकळा, काही होत नाही," असे पूर्वी मीही सांगत असे. ते चुकीचे होते. भात-बटाट्यासारख्या पिठूळ अन्नात वाढणाऱ्या काही जंतूंचे विष नंतर कितीही तापवले तरी जात नाही, आणि वासावरून ते कळतही नाही. म्हणून उरलेली भाजी पसरट ताटात निववा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी न्याहारीला संपवा. फ्रीज नसेल, तर जेवणे उरकताच त्याच चुलीवर थालीपिठे लावा नि पोरांना गरमागरम वाढा. रात्रभर पातेल्यात राहिलेली भाजी मात्र टाकूनच द्या, जीव कितीही हळहळला तरी.

हिरवे पडलेले बटाटे मुळातच भाजीत घेऊ नका. त्यांतले विषही शिजवून जात नाही.