सत्कार करा, पण लिहिलेलं वाचूनही दाखवा



विदर्भ साहित्य संघाचा वर्धापन दिन १४ जानेवारीला, म्हणजे ऐन संक्रांतीच्या वेळी येतो. १९२३ साली अमरावतीत स्थापन झालेली ही संस्था. आता मुख्यालय आपल्या नागपुरात, सीताबर्डीवर. वर्धापन दिनाच्या निमित्ताने विदर्भातल्या लेखकांच्या पुस्तकांना वाङ्मय पुरस्कार दिले जातात. आपल्या भागातल्या लेखकाचं कौतुक आपल्याच गावात होतं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. पुण्या-मुंबईकडून शाबासकी येण्याची वाट कशाला पाहायची?

पण तो पुरस्कार पुस्तकाला असतो, हे लक्षात घ्या. पुस्तक आधीच छापलेलं असतं, कोणीही मिळवून वाचू शकतं. निवड पटली नाही तर वाचून भांडताही येतं! आपल्या नागपूरच्या आशा बगे यांच्या 'भूमी'ला २००६ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ग्रेस यांच्या 'वाऱ्याने हलते रान'ला २०११ साली. त्या बातम्या केव्हाच जुन्या झाल्या, पुस्तकं मात्र अजून वाचली जातात.

आता आपल्याकडे बघू. शिक्षकांचे कितीतरी साहित्य समूह व्हॉट्सॲपवर आहेत. रोज एखादा विषय, संध्याकाळपर्यंत कविता, रात्री निकाल. प्रथम, उत्कृष्ट, सर्वोत्कृष्ट (यात नेमकं मोठं कोण, ते मला अजून कळलेलं नाही). मग फोटो लावलेलं रंगीत ई-प्रमाणपत्र आणि त्याखाली फुलांचे गुच्छ, टाळ्या, 'हार्दिक अभिनंदन'. दिवसभर शाळा, ऑनलाइन माहिती भरणं, घरचं काम, हे सगळं सांभाळून कोणी चार ओळी लिहीत असेल तर तिचं कौतुक व्हायलाच हवं. पण अभिनंदनाच्या पन्नास मेसेजमध्ये कवितेतल्या एका तरी ओळीबद्दल कोणी बोलतं का? कविता कुठे आहे, हे शोधायलाच वर स्क्रोल करत जावं लागतं.

हीच सवय मुलांपर्यंत पोचते, आणि खरं नुकसान तिथे आहे. एका आंतरशालेय निबंध स्पर्धेत विषय होता 'पावसाळा'. माझ्या वर्गातल्या मुलीने लिहिलं, 'पाऊस आला का आमच्या घरी चार गंज मांडा लागते. एक गंज भरला का आई मले उठवते.' पुढे कोणता गंज कुठे ठेवतात, कोणत्या गंजाचा कसा आवाज येतो, सगळं लिहिलं होतं. शेरा मिळाला, 'भाषा अशुद्ध.' पहिला नंबर आला तो 'धरणीमातेने हिरवा शालू नेसला' या निबंधाचा. तो शालू दरवर्षी जून महिन्यात निम्म्या वह्यांमध्ये असतो. गाइडमधून येतो, यूट्यूबवरून येतो, कधी आईच्या किंवा बाईंच्या हातून येतो.

मुलीला प्रमाण मराठी शिकवायची आहेच, ते माझं कामच आहे. 'मले'चं 'मला' मी आठवड्यात करून घेईन. पण रात्री भरलेला गंज रिकामा करायला उठलेलं मूल जे पाहतं, ते मी तिला कुठून शिकवणार?

म्हणून स्पर्धा घेणाऱ्या शाळांना आणि साहित्य मंडळांना माझी एक विनंती आहे. येत्या २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, बक्षीस देण्याआधी विजेत्याचा निबंध त्याच्याच तोंडून सगळ्यांना ऐकवा. वाचून झाल्यावर परीक्षकांनी त्यातलं काय आवडलं ते दोन वाक्यांत सांगावं. पालकांनी लिहून दिलेला निबंध असेल तर मूल कुठे अडखळतं, हे सभागृहाला आपोआप कळेल. नंबर न आलेले दोन-तीन निबंधही वाचू द्या.

वेळ कुठून आणायचा, असं विचाराल. एका निबंधाला तीन मिनिटं लागतात. पाहुण्यांच्या परिचयातून तेवढी सहज निघतात.