पिंजऱ्यातला तिसरा

आपल्या जुन्या वाड्यांतून पिंजरा म्हटला की एक पोपट आणि त्याला बोलका करू पाहणारे सारे घर, असे चित्र ठरलेले असे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यातील पुढील दुरुस्त्या यांमुळे देशी पोपट काय किंवा मुनिया काय, घरात पाळता येत नाहीत, आणि ते योग्यच झाले. लिनिअसने १७५८ साली लाल मुनियेला दिलेल्या शास्त्रीय नावात आपल्या बडोद्याशेजारचे अहमदाबाद दडलेले आहे. इतका तिचा व्यापार तेथून होत असे. आता पिंजऱ्यात ऑस्ट्रेलियातील झेब्रा फिंच आला आहे. पक्षी बदलला, पाळण्याची रीत मात्र पोपटाचीच राहिली. आमची तक्रार नेमकी तिच्याविषयी आहे.

पोपट माणसाला आपल्या थव्यातला मानू शकतो. फिंच सहसा तसे मानीत नाही. हा थव्याने राहणारा पक्षी. त्याची जोडी जमली की बहुधा जन्मभर टिकते. दोघे अंगाला अंग लावून बसतात, एकमेकांची पिसे साफ करतात. एकटा ठेवलेला फिंच दाणे खातो, जगतो, म्हणून तो सुखी आहे असे समजणे ही आपली सोय झाली. समोर आरसा टांगल्याने त्याला सोबती मिळत नाही.

एकाहून वाईट स्थिती तिघांची. रंग आवडला म्हणून दोन नर आणि एक मादी घरी आणली जाते. जोडी जमते आणि उरलेला नर घरट्यापासून, कधी दाण्यापासूनही हाकलला जातो. त्याची उपटलेली पिसे पाहून आपण रोगाची शंका घेतो. रोग नसतो, जागा नसते. दोन जोड्यांतही पुष्कळदा एक जोडी दुसरीवर दादागिरी करते. म्हणून जाणते लोक लहान पिंजऱ्यात एकच जोडी ठेवतात, आणि ऐसपैस जागा असेल तर तीन किंवा अधिक. मग भांडण एकाच्याच वाट्याला येत नाही. घरटी जोड्यांपेक्षा जास्त आणि सारख्या उंचीवर टांगावीत, कारण सर्वांत उंच घरट्यासाठीच झुंज लागते. दाण्यापाण्याची भांडीही दोन ठिकाणी असावीत. पिले नको असतील तर घरटी न टांगता नुसते नर ठेवणे बरे. गालावर नारिंगी ठिपका असतो तो नर, आणि गातोही तोच.

जोडीतला एक गेला तर मागे उरलेल्याला दुसरा सोबती द्यावा; मात्र काही दिवस शेजारच्या पिंजऱ्यात ठेवून, ओळख झाल्यावरच.

पिंजरा दिवाणखान्याची शोभा म्हणून विकत घेणाऱ्यांनी तो आधी मोजून पाहावा: त्यात पक्षी किती मावतात एवढेच नव्हे, तर त्यांतला कोणी एकटा तर पडणार नाही ना, हेही. याचे उत्तर देता येत नसेल, तर तो पिंजरा दुकानातच राहू द्यावा.