विश्लेषण : पनवेलमध्ये कामगार वाढले, मग लाल बावटा का उतरला?

एकेकाळी पनवेल म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा बालेकिल्ला होता. आज तळोजा औद्योगिक वसाहत, कळंबोलीचा लोखंड बाजार, जवळचे जेएनपीटी बंदर आणि नवी मुंबई विमानतळ यांमुळे या पट्ट्यात हजारो हातांना काम आहे. तरीही २००९पासून पनवेलला डाव्या पक्षाचा आमदार मिळालेला नाही. मग कामगार वर्ग डावे राजकीय परिवर्तन घडवू शकतो का? पनवेलचा अनुभव काय सांगतो?

शेकापचा पाया कोणता?

नावात ‘कामगार’ असला तरी या जिल्ह्यात पक्षाचा पाया होता कूळ. अलिबाग तालुक्यातील चरी परिसरातील कुळांनी १९३३मध्ये खोतांविरुद्ध संप पुकारला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनी पडीक ठेवून तो सुमारे सहा वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कुळांना पाठिंबा दिला आणि १९३७मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. शेकापची स्थापना १९४७ची. १९५०च्या दाभाडी प्रबंधात पक्षाने मार्क्सवादी भूमिका घेतली. पण तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात माणसे पक्षाकडे आली ती प्रबंध वाचून नव्हे, तर जमिनीच्या लढ्यातून.

१९८४चे आंदोलन निर्णायक का ठरले?

सिडकोची स्थापना १९७०मध्ये झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. मोबदला तुटपुंजा होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी, कोळी, कराडी गावे रस्त्यावर उतरली. जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरातील गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. विकसित जमिनीतील साडेबारा टक्के वाटा प्रकल्पग्रस्तांना देण्याची योजना ही या लढ्याची कमाई.

त्याच वर्षअखेरीच्या लोकसभा निवडणुकीत, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या काँग्रेस लाटेतही, ‘दिबा’ निवडून आले. मुंबईतून गिरणी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतही जिंकले. कष्टकऱ्यांचा लढा लाटेविरुद्ध मत फिरवू शकतो, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

मग बिनसले कुठे?

एक कारण लढ्याच्या यशातच आहे. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांनी अनेक कुटुंबांचे आर्थिक स्थान बदलले. कालच्या शेतकऱ्याचा मुलगा आज चाळीचा मालक, डंपरचा मालक किंवा मजूर पुरवणारा ठेकेदार झाला. सर्वांचे असे झाले नाही. कित्येक भूमिहीन आणि मासेमारी करणारी कुटुंबे मागेच राहिली. पण एका गावाचे एक हितसंबंध राहिले नाहीत.

दुसरीकडे कारखान्यात कायम कामगाराच्या जागी कंत्राटी कामगार आला. तो उत्तर प्रदेश, बिहारचा किंवा मराठवाड्याचा. त्याचे मत अनेकदा गावाकडे. ठेकेदार बदलला की नोकरीची हमी संपते, त्यामुळे युनियनचे नाव काढायलाही तो कचरतो. शिवाय खारघर, कामोठे, नवीन पनवेल इथला मतदार सदनिकाधारक आहे. त्याचा प्रश्न पाणी, रस्ता आणि मालमत्ता कर. २०१६मध्ये महापालिका झाली आणि २०१७च्या पहिल्या निवडणुकीत ७८पैकी ५१ जागा भाजपने, २३ शेकापने जिंकल्या.

संघटना असली की राजकारण डावे होते का?

नाही. माथाडी कामगारांचेच पाहा. १९६९च्या कायद्याने असंघटित हमालांना मंडळ, नोंदणी, भविष्य निर्वाह निधी मिळाला. देशात नावाजला जावा असा हा कायदा. पण अण्णासाहेब पाटील यांच्यापासून या चळवळीचे नेतृत्व प्रामुख्याने काँग्रेस आणि पुढे इतर पक्षांकडे राहिले. गिरणगावातही १९७०मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांच्या हत्येनंतरची पोटनिवडणूक शिवसेनेने जिंकली. मतदार मोठ्या प्रमाणावर गिरणी कामगारच होते. माणूस पाळीवर कामगार असतो, पण घरी येताना त्याची जात, भाषा, गावही सोबत येते. विमानतळाला ‘दिबां’चे नाव मिळावे म्हणून २०२१मध्ये हजारो लोक एकवटले. अस्मितेची ती मागणी रास्तच होती. तिथल्या कंत्राटी मजुराच्या रोजंदारीसाठी मात्र तशी गर्दी दिसली नाही.

नव्या कामगार संहितांमुळे काय बदलेल?

२९ कायद्यांच्या जागी आलेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्या. संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस सर्वच उद्योगांत बंधनकारक झाली. कामगार कपातीसाठी सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा १००वरून ३०० कामगारांवर गेली. म्हणजे लहान-मध्यम कारखान्यांत एकट्याने लढणे आणखी कठीण.

म्हणून लढा कारखान्याच्या गेटवरून वस्तीत न्यावा लागेल. खोलीचे भाडे, पगाराची पावती, रेशन, पाळीहून घरी जायची सोय हे प्रश्न ठेकेदार बदलला तरी बदलत नाहीत. चरीचे कूळ सहा वर्षे टिकले, कारण गाव पाठीशी होते.

पुढे काय?

२०२४च्या विधानसभेत शेकाप आणि माकप यांना २८८पैकी प्रत्येकी एकच जागा मिळाली. सांगोला आणि डहाणू. पनवेलमध्ये मात्र शेकापचा उमेदवार दुसऱ्या क्रमांकावर होता. म्हणजे मुळे अजून जिवंत आहेत. कामगार वर्ग परिवर्तन घडवू शकतो, पण केवळ संख्येने मोठा आहे म्हणून नव्हे. आज परप्रांतीय कंत्राटी कामगार भाडेकरू आहे आणि त्याचा खोलीमालक बऱ्याचदा प्रकल्पग्रस्त. मालक हा शेकापचा जुना मतदार. भाडेकरूचे इथल्या यादीत नावही नाही. नावात शेतकरी आणि कामगार दोघांना जागा देणारा पक्ष या दोघांना एका सतरंजीवर बसवू शकेल का, यावर पनवेलमधील डाव्या राजकारणाचे भवितव्य ठरेल.