किल्लीची मुदत

६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमधील ओ-टू या मोबाइल कंपनीच्या जाळ्यावरील सुमारे ३ कोटी २० लाख ग्राहकांची इंटरनेट सेवा ठप्प झाली. कोठे तार तुटली नव्हती, कोणी घुसखोरी केली नव्हती. एरिक्सनने पुरविलेल्या सॉफ्टवेअरमधील एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती, इतकेच.

आज अनेक पेढ्यांचे हिशेब, गोदामातील साठा आणि बँकेचे व्यवहार क्लाउडवरील एका जोडणी-मंचातून परस्परांशी बोलतात. हे बोलणे सुरक्षित राहते ते किल्ल्यांच्या जोडीमुळे. खासगी किल्ली पेढीजवळच राहावयाची. सार्वजनिक किल्ली समोरच्यास द्यावयाची. ती खरोखर कोणाची आणि कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य, याचा दाखला म्हणजे प्रमाणपत्र. हे सारे ज्या तिजोरीत राहते तिला कीस्टोअर म्हणतात. एसएपीच्या मंचावर त्या कंपनीच्या मालकीच्या किल्ल्या संपत आल्या की नव्या तीच पुरविते. पेढीने स्वतः घातलेल्या किल्ल्यांची काळजी मात्र पेढीनेच वाहावयाची असते.

घोटाळा होतो तो बहुधा किल्ली बदलताना. नवी किल्ली घातली आणि जुनी त्याच क्षणी काढून टाकली, तर बँकेच्या संगणकास नवी किल्ली अनोळखी असते. तो दार उघडीत नाही आणि माल देणाऱ्यांचे पैसे अडकून पडतात. म्हणून आधी नवी जोडी तयार करावी, तिचे प्रमाणपत्र बँकेस पाठवावे, ते बसविल्याचा निरोप येईपर्यंत जुनीवरच काम चालू ठेवावे आणि मगच बदल करावा. बँकेत हे एका फेरीत उरकत नाही. महिनाभर आधी आरंभ केलेला बरा. खासगी किल्ली या प्रवासात कोठेही जात नाही, ईमेलने नाही आणि व्हॉट्सअॅपवर तर नाहीच. मुदतीची आठवण देणारे पत्र येते, पण पुष्कळदा ते नोकरी सोडून गेलेल्या मुनिमाच्या पत्त्यावर.

डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनाचीही हीच कथा. तिजोरीची किल्ली उशाशी घेऊन निजणारे शेठजी हे टोकन मात्र पिनच्या चिठीसह कर सल्लागाराच्या खणात सोडून निर्धास्त असतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ नुसार खासगी किल्लीवर ताबा राखण्याची वाजवी काळजी प्रमाणपत्रधारकानेच घ्यावयाची असते. ती दुसऱ्याच्या हाती गेल्यास प्रमाणन प्राधिकरणास विनाविलंब कळविणेही त्याच्यावरच बंधनकारक आहे.

संकेतस्थळांच्या सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवसांची होती. १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस ठरली आहे. वहीपूजनाच्या दिवशी वर्षातून एकदा यादी चाळणे तेव्हा पुरणार नाही. प्रत्येक किल्लीपुढे तिचे नाव, मुदत आणि सांभाळणाऱ्या दोघांची नावे पेढीच्या वहीत असावी लागतील.