निर्वासितांचा निधी आणि निकष

मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामला रचनात्मक कार्यकर्त्यांची परिषद भरली आणि त्यानंतर पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून विनोबा निर्वासितांच्या कामासाठी दिल्लीला गेले. पश्चिम पंजाबातून आलेल्यांना जमीन मिळत होती ती मागे सोडलेल्या जमिनीच्या हिशेबाने. तिकडे ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, ते हरिजन शेतमजूर या हिशेबाबाहेर राहिले. त्यांनाही जमीन देण्याचे आश्वासन जाहीर झाले, पण पाळले गेले नाही. विनोबांसारखा माणूस पाठीशी असूनही असे झाले, कारण सर्वांत गरजू माणूस सरकारी निकषातच बसत नव्हता. वर्ध्याच्या कार्यकर्त्यांना तरी हा धडा नवा नसावा. आजही निर्वासितांसाठीचा निधी गरजेपेक्षा गट पाहूनच मिळतो.

याचा पुरावा विदर्भातच आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला १९७२ पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे आणि त्याच तालुक्यात पूर्व बंगालमधून आलेल्यांची अरुणनगरसारखी गावे आहेत. तिबेटींसाठी केंद्राने २०१५-१६ ते २०१९-२० या काळाकरिता ४० कोटी रुपये मंजूर केले आणि पुढे योजना वाढवली. देशातील ३६ तिबेटी वसाहत कार्यालयांचा विचार केला तर एकेका कार्यालयामागे वर्षाला सरासरी २२ लाख येतात. रक्कम बेताचीच, पण अडल्या माणसाला जायला एक दार आहे. बंगाली कुटुंबांना मात्र जमिनी देऊन वसवले आणि पुनर्वसनाची फाईल मिटली. पश्चिम बंगालात अनुसूचित जातीत मोडणारा नमशूद्र समाज महाराष्ट्राच्या यादीत नाही. त्यामुळे अर्जुनी मोरगाव असो की गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी-मुलचेरा, तिथल्या नमशूद्र मुलाला तहसीलमध्ये अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही आणि दाखल्यावाचून शिष्यवृत्ती अडते. फाईल मिटली तरी गरज संपलेली नसते. मिझोराममध्ये तर २०२१ नंतर म्यानमारमधून आलेल्या हजारो चिन लोकांचा भार मुख्यतः चर्च, यंग मिझो असोसिएशन आणि राज्य सरकारनेच उचलला. भारताने १९५१ चा निर्वासित करार स्वीकारलेला नाही आणि स्वतःचा कायदाही केलेला नाही. त्यामुळे प्रत्येक गटाचा निर्णय सरकारच्या मर्जीवर आणि त्या वेळच्या राजकारणावर ठरतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: इथला कापूस उत्पादक शेतकरी कर्जापायी जीव देत असताना बाहेरून आलेल्यांवर खर्च का? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. म्हणूनच निधी वेगळ्या छावण्यांवर न घालता गावचे आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी, शाळा यांच्यामार्फत खर्च व्हावा. त्याचा लाभ शेजारच्या गोंड, कुणबी कुटुंबांनाही मिळेल आणि तेढही वाढणार नाही. दुसरा आक्षेप सुरक्षेचा. पण जो माणूस मदतीसाठी कार्यालयात येतो, त्याची नोंद होते, पत्ता कळतो. मदतीचे दार बंद केले की तोच माणूस दलालाच्या हाती लागतो. तिसरे म्हणणे असे की हे काम सेवाभावी संस्थांचे आहे. संस्था धीर देऊ शकतात, अर्ज भरून देऊ शकतात, पण जमिनीचा हक्क किंवा जातीचा दाखला देऊ शकत नाहीत. ते अधिकार सरकारचे आहेत, तेव्हा जबाबदारीही सरकारचीच.

विस्थापित आणि स्थलांतरितांसाठीच्या केंद्राच्या १,४५२ कोटींच्या एकत्रित योजनेची मुदत २०२५-२६ पर्यंतच होती. त्यापुढच्या प्रत्येक तरतुदीत गटांच्या यादीऐवजी गरजेचा निकष असावा आणि जिथे अशी वस्ती आहे त्या जिल्ह्यात एक पगारी, भाषा जाणणारा समाजकार्यकर्ता नेमावा, एवढी तरी मागणी आपण लावून धरू. त्यासाठी आपापल्या जिल्ह्यातील अडलेल्या दाखल्यांची, नाकारलेल्या अर्जांची तारीखवार नोंद ठेवा. सरकारपुढे भावनेपेक्षा अशी नोंद अधिक टिकते.