आठवडाभराचं मिशन कुणासाठी?



अमेरिकेतल्या एका चर्चच्या तरुण गटाने होंडुरासला जाऊन आठवडाभरात एका गरीब कुटुंबाचं घर बांधलं, हा गेल्या अंकातला वृत्तान्त वाचला. गटात आपली मराठी मुलंही होती. त्यांच्या हेतूबद्दल मला तीळमात्र शंका नाही. माझा आक्षेप त्यांना पाठवणाऱ्या मोठ्यांवर आहे. अशा प्रवासासाठी मंडळीत दान गोळा होतं आणि त्यातला मोठा वाटा विमानभाड्यात जातो, हे उपदेशपीठावरून कुणी सांगत नाही.

1998 मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त केला, हजारो माणसं मेली. त्यानंतर घरं बांधायला अमेरिकेतून चर्चच्या तुकड्या लोटल्या. कॅल्विन कॉलेजचे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक होंडुरासमध्येच राहत होते आणि स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती. त्यांनी या कामाचा अभ्यास केला. बाहेरच्या गटाने बांधलेलं एक घर प्रवासखर्च धरून सुमारे 30 हजार डॉलरला पडत होतं. तिथल्याच एका ख्रिस्ती संस्थेला तेवढंच घर 2 हजारांत बांधता येत होतं. म्हणजे एका घराच्या पैशात पंधरा कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर आलं असतं, आणि वादळाने रोजगार बुडालेल्या गवंड्यांच्या, सुतारांच्या हाती मजुरीही पडली असती. पाहुण्यांनी बांधलेल्या घरात राहणाऱ्यांचं आयुष्य पुढे इतरांपेक्षा काही वेगळं झालं, असंही व्हर बीक यांना आढळलं नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं : पण मुलांची दृष्टी बदलते, ती अधिक उदार होतात. याच अभ्यासात परतलेल्या स्वयंसेवकांच्या दानात फारशी टिकाऊ वाढ दिसली नव्हती. तरीही समजा, दृष्टी बदलते. मग ते त्या मुलांचं शिक्षण झालं. त्याचा खर्च आईवडिलांनी करावा. गरिबांच्या नावाने दानपेटी फिरवू नये.

अशा प्रवासांत होणाऱ्या अनाथाश्रमांच्या भेटी तर ताबडतोब थांबायला हव्यात. 2010 च्या भूकंपानंतर हैतीतून 33 मुलांना कागदपत्रांशिवाय सीमेपार नेताना अमेरिकन बाप्टिस्ट गटाचे दहा जण पकडले गेले. त्या मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं पुढे उघड झालं. हैतीतल्या अनाथाश्रमांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात. गरिबीमुळे त्यांना तिथे ठेवलेलं असतं. पाहुणे आणि देणग्या येत राहतात तोवर मुलं घरी परतावीत असं आश्रमचालकाला का वाटावं? आठवडाभर ज्यांच्या गळ्यात पडायचं, ती माणसं शनिवारी विमानात बसून जाणार आणि पुढच्या महिन्यात नवी येणार, हे एखाद्या पाच वर्षांच्या लेकराने किती वेळा सोसायचं?

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आठवड्यासाठी गेले तरी उपयोगी पडतात, कारण त्यांच्या हातात तिथे नसलेलं कौशल्य असतं. विटा रचणं हे असं कौशल्य नव्हे.

आम्ही नगरकरांनी मिशन पाहिलं आहे. सिंथिया फरार 1827 साली अमेरिकेहून मुंबईला आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 साली नगरलाच वारल्या. त्यांच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले होते. त्या काळच्या मिशनरींचे दोष मला ठाऊक आहेत; पण ते इथली भाषा शिकले, इथल्या माणसांत म्हातारे झाले. फरारबाईंची पस्तीस वर्षं आणि हा एक आठवडा, दोन्हींना आपण मिशनच म्हणतो, याचा मला त्रास होतो.

येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेवरच्या जखमी माणसाला उतारशाळेत पोचवलं, पुढची शुश्रूषा मालकावर सोपवली, पैसे दिले आणि आणखी लागले तर तेही भरण्याची हमी दिली. तिथल्या माणसावर त्याने विश्वास टाकला. होंडुरासमध्ये, हैतीमध्ये चर्च आहेत, पाळक आहेत, गवंडी आहेत, परिचारिका आहेत. त्यांच्यावर तेवढा विश्वास आपण का टाकत नाही?

परदेशातल्या आपल्या मंडळ्यांना आणि पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या उन्हाळ्यासाठी दान मागण्याआधी तिथल्या मंडळीला पत्र लिहा आणि विचारा, तुम्हाला आमची माणसं हवीत की पैसे? आलेलं उत्तर सर्वांसमोर वाचून दाखवा. मग जमाखर्चाचा कागद सूचनाफलकावर लावा : प्रवासाला किती, आणि तिथे किती राहणार.

– एक वाचक, अहिल्यानगर